बर्फातल्या घरातला बल्ब

लेथखाली लोखंडाचा चुरा साठतो, तसे बेळगावजवळच्या मच्छेतल्या आमच्या वर्कशॉपात किस्से साठतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी आहेतच! त्यातला निम्मा ढीग एकट्या मारुती अण्णांचा. अण्णांची शेड माझ्या शेजारी. संध्याकाळचा चहा तिघांचा एकत्र: अण्णा, कांबळे आणि मी.

शहापूरच्या गल्लीत राहणारा, व्हॉल्व्हचे पार्ट बनवणारा हा साधा माणूस मशीनचं प्रदर्शन बघायला जॉर्जियाला गेला आणि तिथल्या डोंगरात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं सुट्टीचं घर विकत घ्यायला बुक करून आला. वहिनींनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता. "आपल्या गॅलरीत बसून बर्फ पडताना एकदा बघायचा," एवढंच त्यांचं मागणं होतं.

*

ताबा घ्यायला अण्णा एकटेच गेले. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळे बेळगावचा माणूस गावाला निघाला की आधी पाणी भरतो. परत निघताना अण्णांनी टब, बादल्या, पातेली सगळं काठोकाठ भरलं, वर मेन कॉकही उघडा ठेवला. पुढच्या वेळी आल्यावर अडचण नको!

थंडीत पाइपातलं पाणी गोठलं, पाइप फुटले आणि खालच्या बाईंच्या घरात धो धो गळायला लागलं. भरपाई अण्णांच्या गळ्यात.

वहिनी मात्र अण्णांचीच बाजू घेत म्हणाल्या, "भरून ठेवल्यालं पाणी कधी वाया जातंय व्हय?"

दोघांच्या तिकिटाचे साठवलेले पैसे त्या पाइपात गेले.

*

पुढच्या वर्षी लिफ्टची वर्गणी आली. अण्णा तावातावाने म्हणाले, "माझ्या बायकोनं त्या लिफ्टात पाय ठेवलेला न्हाय, आणि केबल आमी बदलायची?"

कांबळे आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्टर. बोलणंही गेज लावून, मोजूनमापून. "अण्णा, ती लिफ्टच इकडं पाठवायला सांगा. वहिनींच्या गुडघ्याला तरी उपयोगी पडंल."

अण्णा हसले नाहीत. पैसे भरले. तिकिटं पुन्हा राहिली.

*

बंद घराला बुरशी येते म्हणून किल्ली सांभाळायला तिथली एक बाई ठेवली. महिन्यातून एकदा यायचं, खिडक्या उघडायच्या, फोटो पाठवायचा. पगार दर महिन्याला.

एकदा फोटोत मागच्या आरशात ती स्वतःच दिसली. सोफ्यावर पाय पसरून, वहिनींनी इथून पाठवलेल्या कपात चहा पीत! आम्ही तिघेही पेटलो. मी म्हणालो, "पैसे आपण भरायचे आणि सुट्टी हिनं काढायची? काढून टाका!"

अण्णांनी फोटो घरी दाखवला. वहिनी म्हणाल्या, "बसू दे की बाईला. घरात माणूस बसायला पायजे. आपल्याला कुठं जमायलंय?"

बाईचा पगार चालूच राहिला.

*

वहिनींना खरी काळजी वेगळीच होती. तिन्हीसांजेला घर अंधारात राहू नये. मग अण्णांनी किल्लीवाल्या बाईकडून फोनवरून लागणारा बल्ब बसवून घेतला. एका बल्बासाठी बारा महिने इंटरनेटचं बिल! रोज सात वाजता चहा खाली ठेवून अण्णा फोनवर बोट टेकवायचे. तिकडे दिवा. रात्री झोपताना बंद.

उन्हाळ्यात त्या बाईचा मेसेज आला: तुमचा दिवा भर उन्हात का जळतो? आपले सात वाजतात तेव्हा तिकडे साडेपाचच, आणि उन्हाळ्यात तिथे ऊन लांबवर रेंगाळतं.

वहिनींनी निकाल दिला. "उजेड असू दे न्हाय तर अंधार. दिवा आपल्या टायमालाच लागणार!"

*

मागच्या वर्षी अण्णांनी ठरवलंच. काही होवो, जायचं. वहिनींसाठी लोकरीचा कोट आणला, तिकिटाचे पैसे काढून ठेवले. आणि छताच्या दुरुस्तीची नोटीस आली. बर्फाच्या वजनानं म्हणे छत खचलं होतं.

"भरून टाका," वहिनी म्हणाल्या. "घर ऱ्हायलं तर जाऊ की कधीतरी."

घर राहिलं. पावसाळ्यात वहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच निमित्त झालं. कोट अजून प्लास्टिकमध्ये आहे. त्या घराचा मला राग येतो, आणि आम्ही चहा पीत त्याच्यावर इतके हसलो याचा जास्त येतो.

*

दिवाळीनंतर अण्णांनी घर विकलं. मिळेल त्या किमतीला, सामानासकट. इंटरनेटचे पैसे मात्र वर्षभराचे भरलेले होते आणि बल्ब तिथेच होता; नवे मालक अजून राहायला आले नव्हते. सात वाजले की अण्णांचा हात खिशाकडे जायचाच.

मी एकदा म्हणालो, "अण्णा, घर विकलं न्हवं?"

"घर विकलंय," अण्णा म्हणाले, "दिवा लावायचं सोडलंय व्हय?" आणि लावला.

काल सात वाजता त्यांनी फोन काढला. आता तिकडे बर्फ पडायचे दिवस. बोट टेकवायला गेले आणि तसेच थांबले. स्क्रीनवर बल्ब आधीच लागलेला होता.

कांबळेंनी वाकून पाहिलं. "तुमी लावला न्हाय?"

अण्णांनी मान हलवली. मग फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि म्हणाले, "घरात माणसं आली रं."