निरांजनातलं तूप

दसऱ्याला आमच्याकडे इंजिनाचीही पूजा होते. त्या सकाळी काकांनी सोयाबीन काढायच्या थ्रेशरचं इंजिन पुसलं, हार घातला, शुद्ध तुपाचं निरांजन ओवाळलं. आणि टाकीत काय ओतलं? मेहकर रोडला ड्रममधून विकतात ते भेसळीचं, काळपट डिझेल! मी अडवलं तर म्हणाले, "इंजिनाले काय चव समजते बे?"

सोयाबीनचा अर्धा ढीगही काढून झाला नाही, तोच इंजिनानं काळा धूर ओकला आणि मान टाकली. वर काका माझ्यावरच उखडले, "पूजेच्या टायमाले तू टोकलं, म्हणून बंद पडलं!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उरलेल्या डिझेलचा कॅन मी त्यांच्यापुढं आपटला. "मंग आज देवापुढं याचाच दिवा लावा. देवाले तरी काय चव समजते?"