पियूषने पास केलेली गाडी

पियूष जयसिंगरावांशी खोटं बोलला, हे हेमलताबाईंच्या डोक्यातून जाईना. दुपारी ताटाकडे बघत तो म्हणाला होता, "सांगितलं त्यांना, गाडी ओके आहे." त्याला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं, आईला मुलाचा आवाज कळतो.

खोटं बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. इंजिनिअर होऊन चाकणच्या कंपनीत दोन वर्षं काढली आणि कागदावरच्या गाड्यांना कंटाळून भूगावात जयसिंगरावांच्या जागेत गॅरेजचं शेड टाकलं. दुरुस्त केलेली गाडी आधी स्वतः चालवायचा. मनाला पटली नाही तर गिऱ्हाइकाला सरळ "उद्या या" म्हणायचा. तीन वर्षांत नाव झालं ते त्यामुळेच.

जागामालकांची जुनी टर्बो डिझेल गाडी मात्र दाद देईना. ताम्हिणी घाटाचा चढ लागला की जोर जायचा, गाडी बंद. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू. पियूषने फिल्टर बदलला, टर्बोचे पाइप पाहिले, इंजेक्टर पुण्याहून तपासून आणले, पंप उघडला. सगळं ठीक. मग बंद का पडते?

"तुज्या शेडात गाय आसती ही," आज सकाळी जयसिंगराव चारचौघांत म्हणाले, "घाटात गेली की म्हशीवानी बसती. इंजिनेर हायेस का गुराचा डाक्टर?"

लोक हसले. पियूषही हसला आणि त्या भरात बोलून गेला, "आता नाही बसणार. न्या."

उद्या पहाटे जयसिंगराव त्याच गाडीने रेश्माला, आपल्या लेकीला, बाळंतपणासाठी माणगावहून आणणार होते. परतीचा सगळा घाट चढणीचा, आणि गाडीत आठवा महिना.

संध्याकाळी हेमलताबाई त्यांच्या घरी गेल्या त्या खरं सांगायलाच. अंगणात धोंडाबाई, जयसिंगरावांच्या पत्नी, शेतातल्या इंजिनाच्या कॅनमधून गाडीत डिझेल ओतत होत्या. झाकण हरवलेल्या कॅनच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली असायची.

"मागं तिचा तुकडा गेला बगा टाकीत," धोंडाबाई हसल्या. "जाऊंद्या, त्यानं काय व्हतंय? आन तुमच्या पियूषच्या हाताला लई गुण हाय, ताई."

त्या कौतुकापुढे हेमलताबाई खरं न सांगताच निघाल्या.

परतताना आपल्या सोसायटीत पाण्याचा टँकर उभा होता, तो बघून त्या थबकल्या. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत पिशवी पडली होती. मोटर लावली की पाइपच्या तोंडाला चिकटून पाणी अडवायची, बंद केली की सुटून तरंगायची. प्लंबर आठ दिवस मोटरच खोलत बसला होता. गाडीतही तसंच, चढावर डिझेल जोरात ओढलं गेलं की तो तुकडा चिकटत असेल? की आपण, बी.ए. झालेली बाई, उगाच काहीतरी जुळवतोय? त्यांना काहीच कळेना.

पियूषला फोन लावला, त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

जयसिंगरावांना सांगितलं तर मुलगा खोटा ठरणार, शेडही जाईल कदाचित. आणि नाही सांगितलं तर?

बिघाडाचं कारण प्लास्टिक असो नाहीतर आणखी काही. गाडी ठीक नाही, एवढं तर त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी डायरीतून जयसिंगरावांचा नंबर काढला आणि फोन लावला.