माझ्या बाजूचा हीटर

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी ही गाडी आमच्याकडे आली. फरक एवढाच की व्याह्याने धाडली नाही, आमच्या यांनीच हौसेने आणली. विलायती, उघड्या टपाची, दोनच सीटची, आमच्या लग्नाहून जुनी. हे तारापूरच्या एका कारखान्यात कूलिंगचं काम बघायचे, म्हणजे दुसऱ्यांची यंत्रं थंड ठेवायचे. रिटायर झाले आणि ही तापट बया दारात आणून उभी केली. मी विचारलं, "दोनच सीट? मुलगा-सून आले म्हणजे?" तर म्हणाले, "ते त्यांच्या गाडीने येतील. ही आपल्या दोघांची. आता तू आणि मी फिरायचं." जन्मभर शिफ्ट केलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी, खरं सांगते, विरघळलेच.

मग खरोखरच विरघळायची वेळ आली. थंड मुलखात बनलेली गाडी. तिकडे लोकांना पाय शेकायला ऊब लागते, म्हणून इंजिन जवळजवळ मांडीवर. बोईसरला मांडीवर इंजिन कुणाला हवंय? टप उघडला की डोकं भाजतं, लावला की आत भट्टी. पायाखालचा पत्रा असा तापायचा की चप्पल काढायची सोय नाही. यांनी रेडिएटर साफ करून आणला, त्याच्यामागे विजेचा पंखा बसवला, पायाखाली चंदेरी कागदाचं जाड अस्तर घातलं, इंजिनाकडची गरम हवा आत यायची ती भोकं बुजवली. मी मानेवर ओला नॅपकिन टाकून बसायचे. मला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, उन्हात जपा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. पण नवरा फिरवतोय म्हटल्यावर बाई कशाला जपते!

आणि मग मे महिन्यातलं ते पालघर. स्टेशनकडच्या रस्त्याला गाड्या तुंबलेल्या, आमच्या इंजिनाच्या गरमीचा काटा चढत चाललेला. यांनी शांतपणे हात लांबवला आणि हीटर सुरू केला. मे महिन्यात हीटर! मी म्हटलं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" तर मला समजावून सांगायला लागले. इंजिनाची गरमी अशी आत ओढून घेतली की इंजिन वाचतं. इंजिनाचं वरचं झाकण गरमीने एकदा वाकलं की ही गाडी संपली, तिचे भाग इथे मिळत नाहीत. सगळं बरोबर होतं. फक्त ती गरमी येऊन पडत होती माझ्या पायांवर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी दार उघडून उतरले, रिक्षा केली आणि घरी आले. इंजिन वाचलं.

तेव्हापासून मी त्या गाडीत पाय ठेवला नाही. पावसाळाभर ती कव्हरखाली उभी. हे रोज तिच्याखाली घुसायचे, काय करत होते कुणास ठाऊक, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला घरात चैन पडेना. भाजी निवडायला बसले की उठायचे, उठले की पुन्हा बसायचे. राग हीटरचा नव्हताच. हात लांबवण्याआधी या माणसाने मला विचारलंसुद्धा नाही, हा राग. आणि रागाखाली भीती होती. मी नाही बसले तर हे एकटे फिरतील, मी इथे गॅलरीत. शिफ्ट संपली तरी माझा नवरा मला मिळायचा नाहीच.

दसऱ्याला सकाळी हे बाजारातून झेंडूचा मनगटाएवढा जाड हार घेऊन आले. गाडी पुसली, कुंकू लावलं, समोरच्या जाळीवर हाराचे तीन पदर झोकात बांधले. मग माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "केळव्याला शीतळादेवीला जाऊन येऊ. चलतेस?" विचारलं होतं, म्हणून गेले. पण मनाशी ठरवूनच बसले. यांचा हात त्या हीटरच्या बटणाकडे गेला की उतरायचं, आणि पुन्हा या गाडीत बसायचं नाही. कधीच.

ऑक्टोबरचं ऊन, तुम्हाला माहीत आहे. पालघरात फुलं घेणाऱ्यांची झुंबड, गाडी मुंगीच्या पावलाने. उमरोळीपर्यंत गरीब गाईसारखा बसलेला काटा उठला. माहीमचा रस्ता धरला तरी खाली येईना. मला रस्ता दिसतच नव्हता. एकदा काटा बघत होते, एकदा यांचा हात. काटा लाल रेघेला टेकला. हात गिअरवरच. यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, ओठ घट्ट मिटलेले, पण हात काही हलेना. आणि माझं मला नवल वाटलं, मलाच राहवेना. या माणसाची गाडी आता मरते, एवढंच डोक्यात. मीच वाकून ते बटण ओढलं.

काही नाही. गरम नाही की गार नाही.

"अहो, हे चालत नाहीये."

"पाइप काढलाय मी त्याचा," हे रस्त्याकडे बघत म्हणाले.

"कधी?"

"तू रिक्षाने घरी आलीस ना, त्याच संध्याकाळी."

"आणि इंजिन तापलं तर?"

"तापलं तर थांबायचं."

आणि थांबलेच. ताडाच्या सावलीत गाडी लावली, इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती. पलीकडे सुकी मासळी घेऊन बसलेली कोळीण उठून आली. "तापली काय गो बाय? पानी हाय आमच्याकडं, घे तुला लागल तेवडं," म्हणाली आणि हंड्यातलं पाणी काढून दिलं. मी पुढे जाऊन उभी राहिले तर झेंडूचा वास, शिजलेल्या भाजीसारखा. हार जाळीला आत चिकटून बसला होता, पंख्याने पाकळ्या पार ओढून घेतल्या होत्या. वारा जायला बोटभर जागा नाही.

यांनी बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. खंडेनवमीला कारखान्यात कुणी पाणी थंड करायच्या टॉवरच्या जाळीवर हार टाकला की हे फाडकन ओढून काढायचे. हवा घ्यायचं तोंड आहे ते, म्हणून सगळ्यांवर ओरडायचे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"म्हटलं, तुला बरं वाटेल," हे म्हणाले. "चांगला जाड घेतला मुद्दाम."

मी हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. कोळीण आमच्याकडे बघतच राहिली. दोघांनी मिळून एकेक पाकळी वेचून काढली. इंजिन निवलं तेव्हा यांनी पाणी घातलं, आणि केळव्यापर्यंत काटा निम्म्यावर राहिला. देवीसमोर मी काय मागितलं ते सांगणार नाही.

परत निघताना मी म्हटलं, "उद्या तो पाइप परत जोडा."

"कशाला?"

"थंडीत लागेल मला."

बोईसरला थंडी पडते तरी किती, ते दोघांनाही ठाऊक आहे. यांनी माझ्या बाजूचं दार आधी उघडलं.