बनुबाईचं अर्धं-अर्धं बोलणं

महाडहून नाते गावावरून पाचाडला माझा थंड पेयांचा टेम्पो जातो. वाटेतल्या सगळ्या हॉटेलवाल्यांना, टपरीवाल्यांना मी ओळखतो आणि त्यातले निम्मे माल उतरवून घेता घेता मला देश समजावून सांगतात. बनुबाई तसलं काही करत नसे. क्रेट आत सरकवायची आणि विचारायची, "आज कुनाचा देव धोक्यात हाय रे?"

त्या दिवशी मोबाईलवर जो कुणाचा धोक्यात असेल त्याचं नाव मी सांगायचो.

"मंग भाकर खाऊन जा. तू उपाशी रायलास म्हनून तो वाचनार नाय."

गडाच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपराखाली तिचं हॉटेल. गड उतरून आलेल्यांना पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. ओळखीचा कुणी असेल तर त्याला सुक्या जवळ्याची चटणीही मिळे. ती गणपतीच्या तसबिरीला रोज उदबत्ती लावायची, पण तसबीर टांगलेली होती झाऱ्याच्या शेजारच्या खिळ्याला. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "त्याला नैवेद्य लागतो, झारा बी लागतो. दोघं शेजारी बरे." नवरा कुशाबा मागच्या मोरीवर भांडी घासायचा आणि तोंड उघडायचा नाही. एकदा मी कारण विचारलं. म्हणाला, "एका घरात येवढा आवाज पुरे."

उमेदीची वर्षं तिने मुंबईत काढली, पोलादपूरच्या डोंगरातून कामाला आलेल्या माणसांची खानावळ चालवत. एका खोलीत झाडून सगळ्या पक्षांची माणसं एका पंगतीला बसायची. वाद चढला की ही आमटीचं पातेलं उचलून आत न्यायची. "पयलं ठरवा कोन शाना, मग वाढते." माणसं लगेच शहाणी व्हायची. गावी परत येताना तिने मुंबईहून दोनच गोष्टी आणल्या, गुडघेदुखी आणि कुणालाही न भिणारी जीभ.

तुडीलची खैरून तिला सुकी मासळी आणून द्यायची. बोंबील, जवळा, कधी बांगडा. दोघी एकाच वयाच्या आणि भांडायला एकमेकींना अगदी बरोबरीच्या. खैरून टोपली उतरवायची तीच "गो बनु, तुज्या मापात पाप हाय" म्हणत. तिथून जे सुरू व्हायचं ते सासू, सुना, हज, काशी, डॉक्टर, गुडघे असं फिरून पुन्हा बोंबलावर यायचं. तोवर कुशाबा तिसरा चहा ठेवायचा.

अशा या बाईपुढे एका रविवारी सुशांत येऊन उभा राहिला. सुशांत महाडचा. मोबाईलला माईक लावून 'जनतेचा आवाज' गोळा करत फिरायचा. त्या आठवड्यात कुठल्याशा दूरच्या शहरात दंगल झाली होती आणि गडावर आलेल्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारत होता. तोच त्याने बनुबाईला विचारला. "मावशी, कट्टरता कुणाची जास्त? त्यांची की आपली?"

बनुबाई भाकरी थापत होती. ती थांबली नाही. मी क्रेट मोजत बाजूलाच होतो, म्हणून ती काय बोलली ते मी सगळं ऐकलं.

"त्यांच्यातला कोन बाँब फोडतो," ती म्हणाली, "तवा त्यांचे मोठे म्हनतात, तो आमचा नव्हंच, भरकटलेला होता. जी मान्सं मेली त्यांचं नाव बी घेत नाय कोन." भाकरी तव्यावर गेली. "आन आपल्यातले चार जन मिळून एकाला काठ्यांनी मारतात, तवा आपले मोठे म्हनतात, पोरं हायत, भावनेच्या भरात झालं. सुटून आली का हार घालतात. दुसऱ्याचा एक चुकला का त्याची सगळी जात तसली. आपले धा चुकले तरी ते सुटे सुटे येडे. कट्टर कोन म्हनून काय इचारतोस? जो दुसऱ्याच्या दारातली घान दुर्बीन लावून बघतो आन आपल्या दारातल्या घानीवर रांगोळी घालतो, तो कट्टर. आता सर, धूर लागतोय तुला."

सुशांत खूश झाला. ताक पिऊन गेला.

दोन दिवसांनी वाटेतल्या एका टपरीवर मला बनुबाई दिसली, म्हणजे मोबाईलमध्ये. मागे ढोल-ताशे, डोळ्यांभोवती आग लावलेली आणि खाली अक्षरं: 'पाचाडची वाघीण'. बोलणं फक्त 'नाव बी घेत नाय कोन' इथपर्यंत. पुढे भाकरी तव्यावर जायच्या आत व्हिडिओ संपला होता.

शनिवारी राजेश आला. राजेश नाते गावाकडचा, तरुणांच्या एका मंडळाचा अध्यक्ष, गाडीच्या काचेवर डरकाळी फोडणारा वाघ. बरोबर पोरं, शाल, नारळ. बनुबाईला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं. शाल खांद्यावर पडली, फोटो झाले, राजेश म्हणाला, "मावशी, तुमच्यासारख्या माता हव्यात."

"व्हय का? तुजी आई कशी हाय? तिचा पाय बरा झाला का?"

राजेशला आईच्या पायाचं काही ठाऊक नव्हतं. पोरं भाकरी खाऊन गेली. नारळ संध्याकाळी वाटणात गेला आणि शाल कुशाबाला, कारण थंडी होती.

पुढच्या आठवड्यात उरलेला अर्धा बाहेर आला. तो कुणी कापला माहीत नाही, पण महाडच्या पुरोगामी मंडळींमध्ये तो जोरात फिरला. याच्यामागे बासरी होती. 'आन आपल्यातले चार जन' इथून सुरू, 'हार घालतात' इथे बंद. खाली लिहिलं होतं, 'श्रमिक स्त्रीचा निर्भय स्वर'. मग अंकिताताई आल्या. त्या शिकवतात, सभांमध्ये बोलतात, बाई तशा मनाने चांगल्या. त्यांनीही शाल आणली होती, हातमागाची.

"तुम्ही जे बोललात ते बोलायला आज हिंमत लागते," त्या म्हणाल्या.

"पन मी पयलं जे बोलले, बाँबचं, ते तुमाला पटलं का?"

अंकिताताई जरा अडखळल्या. "ते... म्हणजे त्यात तथ्य असेलही. पण सध्याच्या वातावरणात ते बोलण्याची वेळ नाहीये."

"येळ कधी येती त्याची? मला सांगा, मी तवा बोलीन."

अंकिताताईंनी भाकरीचं कौतुक केलं. ती शाल कपाटात गेली, कारण कुशाबा एकच होता.

इथपर्यंत सगळी मजाच होती. पण मग राजेशच्या मंडळाने दुसरा अर्धा पाहिला आणि वाघिणीची एका दुपारात गद्दार झाली. त्यांची पोरं गाड्या लावायच्या जागेवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पुढच्या हॉटेलात पाठवू लागली. थंडीतला शनिवार-रविवार म्हणजे तिच्या धंद्याचा मोसम. मी माल घेऊन गेलो तर बाकडी रिकामी होती, भाकऱ्यांची चवड फडक्याखाली तशीच. चवडीकडे बघत कुशाबा म्हणाला, "तुजं बरोबर हाय. पन भाकऱ्या कडक झाल्या." त्याच्या मानाने हे भाषणच होतं. बनुबाईने भाकऱ्या कुस्करून ताकात टाकल्या. हे मात्र मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिला त्याहून लागलं ते खैरूनचं. तिच्याकडे मोबाईलवर आधी फक्त पहिला अर्धा पोचला होता. ती टोपली न उतरवता दारात उभी राहिली.

"गो बनु, तू बी? माज्या हातचा जवळा खाऊन तू बी तसंच बोललीस?"

"सगळा ऐक, मग शिव्या घाल."

"काय ऐकू? मान्सं मेली तवा माजा जीव नाय तुटला? तुला काय म्हाईत!" आणि ती गेली. पुढच्या आठवड्यात मासळी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बनुबाईने मला सुशांतला फोन लावायला लावला. "सगळंच्या सगळं दाखव रे."

"मावशी, सगळं कोण बघतं? चाळीस सेकंदांपुढे माणूस थांबत नाही." तरी त्याने टाकलं. ते कुणी पाहिलं असेल तर ती माणसं आम्हाला अजून भेटायची आहेत.

शेवटी राजेशचा निरोप आला, की मावशींनी कॅमेऱ्यासमोर माफी मागावी, विषय संपवू. बनुबाई म्हणाली, या रविवारी. ही बातमी अंकिताताईंना लागली आणि माफी मागू नये असं सांगायला त्याही मंडळींसह आल्या. बऱ्याच दिवसांनी हॉटेल भरलं. सुशांत माईक लावून तयार होता. बनुबाईने हात पुसले.

"राजेश, तुला कोनच्या अर्ध्याची माफी पायजे?"

"दुसऱ्या. आपल्या पोरांबद्दल बोललात त्याची."

"आन ताई, तुमाला माफी नको, पन पयला अर्धा मी बोललेच नसते तर बरं झालं असतं, असंच ना?"

अंकिताताई म्हणाल्या, "तसं नाही..."

"मंग दोघांचं मिळून काय रायलं? मी भाकऱ्या थापत व्हते येवढंच. त्याची माफी मागते. धूर झाला आसंल तुमाला." मग ती आत गेली आणि दोन्ही शाली घेऊन आली. "ह्या अर्ध्या बाईला दिल्यात. मी सगळी हाय. घेऊन जा."

राजेश लाल झाला. "मावशी, धर्माची थट्टा चालली आहे!"

"धर्माची कुठं? तुजी चाललीय. तू सोताला धर्म समजाय लागलास कधीपासून?"

यावर त्याच्याच मंडळातलं एक पोरगं फसकन हसलं. मग दुसरं. हसू आवरायला त्यांनी तोंडं फिरवली, ती अंकिताताईंच्या लोकांकडे, आणि तेही हसत होते. राजेश पाय आपटत गाडीकडे गेला. पोरांना भूक लागली होती, त्यातली बरीचशी बाकड्यावर बसली. अंकिताताई मात्र थांबल्या. सगळे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "पहिलं बोलायला मी कचरले, हे खरं आहे." बनुबाईने त्यांच्यापुढे जवळ्याची चटणी ठेवली. याहून मोठा सत्कार तिच्याकडे नव्हता.

राजेश आजही तिच्याशी बोलत नाही. त्याची आई मात्र येते, लंगडत, ताक प्यायला.

सोमवारी हॉटेल कुशाबावर सोपवून बनुबाई एसटीने महाडला आणि तिथून तुडीलला गेली. मी तिला स्टँडवर भेटलो, म्हटलं टेम्पोने सोडतो, म्हणून पुढचं मला माहीत आहे. खैरून अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने मान वर केली नाही.

"भांडाया आलेय," बनुबाई म्हणाली.

"मंग बस. उभ्यानं गुडघे दुकतील."

आणि मग त्या खरंच भांडल्या. मासळीवरून नाही, सासूवरून नाही, त्यावरूनच, जे इतकी वर्षं दोघींनी टाळलं होतं. खैरून म्हणाली, कुठं काय झालं का बाजारात बाया माज्या टोपलीकडं तिच्यात बाँब असल्यागत बघतात, मासळीकडं नाय. बनुबाई म्हणाली, ते मला ठाव नव्हतं, पन तुमच्यातले जे मारतात त्यांना तू कधी मोठ्यानं शिवी दिलीस? खैरून म्हणाली, तुमच्यातल्यांना तू आत्ता दिलीस, या वयाला, तीबी कोनी माईक धरला म्हनून! ते बनुबाईच्या वर्मी लागलं आणि ती रागारागाने हाताला येतील ते बोंबील उलटे करू लागली. खैरून ते पुन्हा सुलटे करत राहिली.

मी मोबाईलवर सगळा व्हिडिओ लावून दिला. खैरूनने तो पूर्ण पाहिला. मग म्हणाली, "माज्या जावयानं दुसरा अर्धा आमच्या ग्रुपवर टाकला व्हता. 'बघा, त्यांचीच बाई बोलतेय' म्हनून. तो बघून बी मी रुसलेलीच रायले. पयला का नाय टाकलास म्हनून मी त्याला इचारलं नाय."

"मंग इचार."

खैरूनने पदर खोचला आणि त्याच ग्रुपवर आवाजी निरोप धाडला. तिने जावयाला शिव्या दिल्या, बाँब फोडणाऱ्यांना दिल्या, काठीवाल्यांना दिल्या आणि ओघात ग्रुप चालवणाऱ्याच्या बापालाही दिल्या, ज्याचा याच्याशी संबंध नव्हता. संध्याकाळपर्यंत तिला ग्रुपमधून काढलं. बनुबाईला तिच्या गावाच्या ग्रुपने आधीच काढलं होतं.

आता दोघींना कुठेच काही ऐकवता येईना. म्हणून त्यांनी माझ्याकडून दोघींचा एक ग्रुप काढून घेतला. चालवणारा मी. मासळी पुन्हा येते, पण तेवढ्याने त्यांचं भागत नाही. रोज सकाळी मी नात्याच्या चढावर असतो तेव्हा फोन वाजायला लागतो. कुणाच्या देवाला किती आवाज लागतो यावर काल खैरूनने एवढा लांब निरोप टाकला की ऐकता ऐकता मी पाचाड गाठलं. त्यावर बनुबाईचं उत्तर असं सुरू होतं: "पयलं तुज्या मशिदीच्या भोंग्याचं बोल, मग मी आमच्या डीजेला शिव्या घालते. न्हायतर ऱ्हाऊ दे, आज पयली मीच घालते."

मी ग्रुप सोडायचं म्हणतोय. पण मी सोडला तर दोघींतली एक ग्रुप चालवणारी होणार आणि ती कोण, यावरून पुन्हा भांडण होईल.