मामा, तू माझ्या पाया पडायला नको होतं

तरी मी म्हणतोच मामा, भर बाजारात तू माझ्या पाया पडायला नको होतं.

तू परवा गेला. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण बारा वर्षांचं आहे. ते असं अर्ध्यात कसं सोडू?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या झाडीपट्टीत मामा भाच्याच्या पाया पडतो. मामा साठीचा असो, भाचा शेंबडा असो. भाचा देवाच्या जागी.

फक्त तो माझ्यासारखा नसावा.

आई कुरखेड्याजवळच्या खेड्यातली, हिंदू, धान पिकवणाऱ्या घरची. अब्बा कुरखेड्यातले टेलर, मुसलमान. दोघांनी लग्न केलं तेव्हा आजोबा बोलले, पोरगी आमच्यासाठी मेली.

मोहल्ल्यात क्रिकेट खेळायला गेलो की पोरं म्हणायची, "पहले कलमा सुना, फिर बैटिंग."

शाळेत डबा उघडला की बाजूचा पोट्टा सरकून बसायचा. "याच्या डब्यात कायचं मटन राहते, सांगता नाई येत."

डब्यात वांग्याची भाजी.

मग मी एक शिकलो. कोणी नाव विचारलं की आधी त्याचं तोंड पाहायचं, मग ठरवायचं. इरफान सांगायचं का राजू.

तर तो बाजार. अब्बा मशीन लावून बसले होते. मी नऊ वर्षांचा, बटणं लावत होतो. आजोबा जाऊन महिना झाला होता. तू गावच्या चार लोकांसोबत आला. मी तुला आधी कधी पाहिलंच नव्हतं.

तू चपला काढल्या. वाकला. दोन्ही हातांनी माझे पाय धरले.

सोबतचा एक म्हातारा ओरडला, "अबे, तुरकाच्या पोट्ट्याच्या पाया पडून राह्यला का?"

तू उठता उठता म्हणाला, "बाप कोणीबी असो काका, मामा तं मीच हावो ना."

झालं.

त्या वर्षी तुझ्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवण्याला गावातली एकही बाई आली नाही. धानाचे परे, लावायची रोपं, जागेवरच पिवळी पडायला लागली.

तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा आई माहेरी गेली. पदर खोचून मामीच्या बाजूला चिखलात उभी राहिली. अब्बा पण गेले. अब्बांनी लावलेली ओळ पाहून मामी हसून हसून धुऱ्यावर बसली.

"जवाईबापू, कपड्यावर तं सरळ शिलाई मारता म्हणे!"

तुम्ही सगळे हसत होते. मला एकच वाटत होतं. हे सगळं माझ्या पायांमुळं झालं.

म्हणून पुढच्या बाजारी तू दिसला तसा मी मशीनखाली घुसलो. पाय पोटाशी घेतले.

तू पण घुसला.

"भासा, पाय काढ."

"नाई काढत. लोक तुले बोलतात."

"त्यायच्या भाच्यायले बटणं लावता येत नाई. म्हणून जळतात. काढ लवकर, गुडघे दुखून राह्यले माह्ये."

वरून अब्बा ओरडून राहिले, मशीन पडेल, मशीन पडेल.

मोहल्ल्यातही शांतता नव्हती. एक चाचा दुकानात येऊन अब्बांना म्हणाले, "उसको मना करो. इंसान इंसान के आगे झुके, गुनाह है."

अब्बांनी सुईत दोरा ओवला. "झुकता तो वो है. गुनाह मेरे बच्चे को कायकू?"

तू मात्र थांबला नाही. मी सातवीत शाळा सोडली त्या दिवशी पण वाकला. टावर चढायच्या कामासाठी घरातून निघालो तेव्हा बसस्टँडवर, कंडक्टर बेल मारत असताना वाकला. मी दर वेळी चिडलो.

आणि मी तुझ्या पाया पडायला गेलो की तू माझे हात धरायचा. "भाच्यानं मामाच्या पाया पडाचं नसते."

आता खरं सांगतो मामा. सगळे मला मोजून घ्यायचे, किती इकडचा, किती तिकडचा. तू आला की मी नुसता भाचा. पूर्ण.

इथं केरळात साइटवर सुपरवायझरनं पहिल्या दिवशी नाव विचारलं. मी त्याचं तोंड पाहिलं नाही. इरफान, म्हटलं. आई हिंदू, बाप मुसलमान, अजून काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा, मग मी दीडशे फुटांवर असतो.

त्यानं सेफ्टी बेल्ट दिला.

काल मामीचा फोन आला. तेरवीला भाच्याचे पाय धुवून त्याला पहिला पाटावर बसवतात, तो जेवल्यावर बाकीची पंगत. गावच्या मोठ्यांनी परस्पर ठरवलं की तुझ्या चुलत बहिणीचा पोरगा बसवायचा. इरफान बसला तर आम्ही जेवणार नाही.

मी विचारलं, "मग मामी?"

मामी म्हणाली, "नोको जेवू म्हना. तांदूळ वाचतील. तू ये."

येतो. उद्याची गाडी आहे, बल्लारशाला उतरतो. पाटावर मीच बसणार. त्या चुलत भावाशी माझं काही वैर नाही, त्याला बाजूला जागा देईन.

त्याआधी तुझ्या फोटोच्या पाया पडणार. फोटोला हात धरता येत नाहीत.

जा मामा, निवांत जा.

आणि मामी, तू ही पोस्ट कोणाकडून तरी वाचून घेशीलच. भाच्याचे पैसे घ्यायचे नसतात, मला माहीत आहे. म्हणून तेरवीच्या खर्चाचे आईच्या नावानं पाठवले. ती आणून देईल. बहिणीचे तर चालतात ना.

साडेचार हजार रुपये.