पाण्याला नावं ठेवणारे सासरे

पाण्याची चव कळणारा माणूस नागपुरात एकच होऊन गेला आणि तो म्हणजे माझे सासरे. हे मत माझं नाही, त्यांचं स्वतःचं होतं. आणि ते त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस ते राहत त्या सदर मोहल्ल्यात शोधूनही सापडला नसता. आपण समजतो की चव डाळीला असते, चहाला असते. ते म्हणत, चव पाण्याला असते, बाकी सगळं त्यात पडलेलं सामान. सरकारी कचेरीतली कारकुनी आटोपून संध्याकाळी घरी आले की आधी नळाखाली काचेचा ग्लास भरायचा, उजेडात धरायचा, एक घोट तोंडात घोळवायचा आणि मग डोळे मिटून त्या दिवशीच्या पाण्याचा स्वभाव जाहीर करायचा, असा त्यांचा नेम. "आज पाणी रुसून आहे." "आज पाणी भोळं आहे, काही टाका, शिजते." एकदा त्यांनी पाणी भांडखोर आहे असं सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी माठावर झाकण ठेवून त्यावर पाटा ठेवला. "भांडाले बाहीर नको याले," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचं खरं वैर होतं ते जड पाण्याशी. जड पाणी म्हणजे क्षारांनी भरलेलं. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ दातांखाली कचकचते आणि चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो. त्यासाठी ते खिशात रुमालात गुंडाळून साबणाचा तुकडा बाळगत. कुणाकडेही गेले की "जरा हात धुतो" म्हणून मोरीत शिरायचे. फेस आला तर बाहेर येऊन ऐसपैस मांडी घालणार, नाही आला तर खुर्चीच्या कडेवर टेकणार. दाढी करणाऱ्या न्हाव्याला त्यांनी वाटीतलं विहिरीचं पाणी फेकायला लावून शेजारच्या हॉटेलातल्या नळाचं आणायला लावलं होतं, तेही अर्धा गाल झाल्यावर. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी घोट घेऊन हे पाणी अमुक विहिरीचं असं छातीठोक सांगितलं. आचारी म्हणाला, "नाही जी, नळाचं आहे." सासऱ्यांनी पुन्हा एक घोट घेतला आणि म्हणाले, "मग नळाले त्या विहिरीची संगत लागली."

असा हा माणूस आपल्या मुलीसाठी मला पाहायला आला. मी तेव्हा नागपूरलगतच्या वाडीला, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क होतो आणि गोदामांच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहत होतो. साऱ्या चाळीला मिळून एक हातपंप. सासऱ्यांनी माझा पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. पाणी मागितलं. आईने घासूनपुसून ठेवलेला ग्लास पुढे केला. त्यांनी घोट घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की आईला वाटलं ग्लासात मुंगी होती. मग ते उठून पंपावर गेले आणि खिशातला रुमाल सोडला. चाळीतली सगळी बिऱ्हाडं दारात येऊन पाहू लागली.

"फेस काहून नाही येऊन राहिला गा?" त्यांनी मला इतक्या दुःखाने विचारलं, की मला माफी मागावीशी वाटली.

जाताना आईला हात जोडून म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा आहे, बाई. पण पाणी जड आहे. पोरीचे केस जातील, डाळ शिजणार नाही, अन् मग घरात भांडणं होतील. मी नाही देत."

ते गेल्यावर आई मटकन खाटेवर बसली. "लोक घर पाहतात, नोकरी पाहतात," ती म्हणाली. "हा माणूस पाणी पाहते!"

पुढचं मला विशाखानेच नंतर सांगितलं. विशाखा म्हणजे ती मुलगी. वडील घरी येऊन नकार सांगू लागले तेव्हा तिने विचारलं, "बाबा, मले लग्न हातपंपासोबत करायचं आहे काय?"

"जनमभर प्यायचं आहे ना ते."

"मग प्यायचं मले आहे. मले पाहू द्या."

आणि पुढच्या रविवारी मुलगीच मुलाकडे पाणी पाहायला आली, आईवडिलांना बरोबर घेऊन. असा कार्यक्रम वाडीत कुणी पाहिला नव्हता. विशाखा सरळ चुलीपाशी गेली आणि माझ्या आईला म्हणाली, "तुम्ही डाळ कशी शिजवता, ते सांगा." आईचा राग अजून उतरला नव्हता, पण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. डाळ आधी कोमट पाण्यात भिजवायची, वरून चिमूटभर सोडा, तेलाचा थेंब, आणि घाई करायची नाही. आतून दोघींचं बोलणं, मग हसणं ऐकू येऊ लागलं. बाहेर खाटेवर सासरे आणि मी निकालाची वाट पाहत बसलो होतो. समोरून ट्रक जात होते.

डाळ आली. सासऱ्यांनी एक दाणा बोटांत दाबला, तो विरघळला. मग ते जेवले. मागून घेऊन, बोटं चाटून जेवले.

"शिजली?" विशाखाने विचारलं.

"शिजली," ते म्हणाले. "पण साबणाचं काय?"

"बाबा!"

तो त्यांचा होकार होता.

लग्नानंतर दर रविवारी ते सदरहून सायकलला प्लास्टिकचा कॅन बांधून आमच्याकडे येऊ लागले. कॅनमध्ये त्यांच्या नळाचं पाणी. ट्रकांच्या धुरातून, घामाने निथळत, पण कॅनचं झाकण मात्र फडक्याने घट्ट बांधलेलं. विशाखाला हसू यायचं, मला लाज वाटायची. आईला मात्र ते लागलं. मग एका रविवारी त्यांनी कॅन उतरवला तेव्हा म्हणाली, "एक विचारू काय? माझ्या घरी विष आहे काय? मी याच पाण्यावर पोरगा वाढवला."

विशाखा पदर तोंडाला लावून उभी राहिली. मला वाटलं, आता दोन्ही घरांचं येणंजाणं संपलं. सासरे तिथेच पायरीवर बसले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "मी लहान होतो तवा गावात आम्हाले विहिरीवर जाता येत नव्हतं. ओंजळ धरून लांब उभं राहायचं. कोणाले दया आली तर तो वरून ओतणार. त्यात काडी आहे का किडा आहे, कोण विचारते! जे पडलं ते प्यायचं. दीक्षा घेतली, नोकरी लागली, अन् सदरच्या घरात नळ आला. माझा स्वतःचा नळ. त्या दिवशी ठरवलं, आता आपण पाण्याले नावं ठेवायची. आवडलं नाही तर आवडलं नाही म्हणायचं. तुमच्या घराले नाही म्हणत मी. पाण्याले म्हणतो."

आईचं माहेर कसल्या गावचं होतं आणि तिथली विहीर कुणाची होती, हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते न सांगताच कळलं. तिने उठून कॅनचं फडकं सोडलं, एक ग्लास भरला आणि उभ्याउभ्याच प्यायली.

"थोडं कडू लागते," ती म्हणाली.

"औषध टाकतात ना पाणी साफ करायच्या कारखान्यात!" सासरे एकदम खुलले. "उन्हाळ्यात जास्त टाकतात. तुम्हाले कळलं? विशाखाच्या आईले आजपर्यंत नाही कळलं!"

तेव्हापासून रविवारी दोघं पायरीवर बसून पाण्याला नावं ठेवत. आई त्यांच्याहून कडक निघाली.

सासूबाई गेल्या, सदरचं भाड्याचं घर सुटलं, आणि सासरे आमच्याकडे वाडीला राहायला आले. सुरुवातीला हातपंपावर रोज टीका व्हायची. सगळी चाळ ती ऐकायला थांबायची. मग एका हिवाळ्यात ते आजारी पडले. एके दुपारी त्यांनी पाणी मागितलं. विशाखाने दिलं. त्यांनी ग्लास उजेडात धरला नाही, घोट घोळवला नाही. सगळं पाणी सरळ पिऊन टाकलं आणि ग्लास परत दिला. विशाखा स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडली. आई त्यांच्या उशाशी बसली.

"कसं होतं पाणी?" तिने विचारलं.

"चांगलं होतं," ते म्हणाले.

आईने त्यांचा हात हातात घेतला. "असं नका म्हणू जी," ती म्हणाली.

थंडी सरता सरता ते गेले. वाडीत आमच्या ओळीला नळ आला तो त्यानंतर. पाणी सुटणार त्या सकाळी चाळीत सणासारखी धांदल होती. नळ आधी खोकला, मग तांबूस थुंकला, मग स्वच्छ धार धरली. आईने ग्लास भरला आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे राहिलो. पहिला घोट कुणालाच घेववेना. शेवटी विशाखाने घेतला.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

आई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग ग्लास तिच्याकडून घेऊन तिनेही एक घोट घेतला, तोंडात धरून रिकाम्या पायरीकडे पाहिलं, आणि गिळून घागर धारेखाली सरकवली.