फळ्यावरचं आगाऊ शून्य

आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर तो फळा लागला तो माझ्यामुळे, हे मी अजूनही चारचौघांत सांगतो. २०१० साली विश्रांतवाडीत स्वयंपाकाच्या गॅसची पाइपलाइन आली, रस्ते उकरले गेले, आणि मी कंपनीच्या साहेबांना सुनावलं, "गळती आहे की नाही हे तुम्ही रोज तपासणार ना? मग आकडा आम्हालाही दिसू द्या." महिन्याभरात फळा आला. पहिला आठवडा सगळ्यांनी वाचला. पुढे कुणाला हिंजवडीची बस गाठायची, कुणाला मुलांच्या शाळेची घाई. भांडायला आम्हाला भारी हुरूप असतो.

फळ्यावर आकडा लिहायचा यज्ञेश्वर लांजेवार. भंडाऱ्याकडचा, पन्नाशीचा. बायको वारलेली, मुलगी नागपूरला दिलेली, आणि हा येरवड्यात एका खोलीत. गळती मोजायचं यंत्र घेऊन पहाटेपासून लाइनीवरून चालायचं आणि आठ वाजता आकडा लिहायचा, हे त्याचं काम. यंत्राशिवाय सोबत कुणी नाही.

त्याच्याशी बोलायच्या त्या फक्त तळमजल्यावरच्या, माझ्या शेजारच्या दुर्गाबाई. निवृत्त शिक्षिका, मुलगा आमोद अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दोन मिनिटांत बोलणं संपायचं. फळा आल्यापासून आमोद विचारू लागला, "गॅसचं काय, आई?" मग बाई आठवडाभराचे आकडे सांगायच्या आणि फोन जरा लांबायचा. साडेसहाला दूध घेऊन आल्या की आकड्यासाठी त्या थंडीत आठपर्यंत फळ्यापाशी उभ्या राहायच्या.

यज्ञेश्वरला ते बघवेना. आकडा तर रोज शून्यच. तो फेरीला निघण्याआधीच लिहून ठेवू लागला.

"यज्ञेश्वर, शून्य नीट गोल काढा. चौथीतली मुलं बरं काढायची."

"हो जी, बाई."

एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. आपण फसवतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. एका माणसाचे पाय दुखू नयेत, एवढीच त्याची समजूत.

पुढच्या जानेवारीत एका सकाळी यंत्र वाजलं ते नेमकं बाईंच्या खिडकीखाली. केबलवाल्यांनी खोदताना पाइपला धक्का लावला होता. यज्ञेश्वरने व्हॉल्व्ह बंद केला, कंपनीची दुरुस्तीची गाडी बोलावली आणि बाईंचं दार ठोठावलं. मी जिन्यातच होतो. फळा लिहिल्यानंतर गळती सुरू झाली, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. कुणी विचारणारही नव्हतं.

"बाई, खिडक्या उघडा अन् बाहेर या. फळ्यावरचं शून्य खोटं हाय जी. मी न मोजताच लिहितो."

"आजचं, का रोजचं?"

"रोजचंच."

"मी ते दर रविवारी मुलाला सांगत होते, यज्ञेश्वर." एवढंच बोलून बाई खिडक्या उघडायला आत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

दुपारपर्यंत पाइप दुरुस्त झाला. कुणाला काही इजा झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून यज्ञेश्वर फेरी पुरी करून आठ वाजताच लिहू लागला, शेजारी मोजल्याची वेळही. बाई साडेसहाला दूध घेऊन सरळ घरात जायच्या. रविवारी त्यांचा फोन पुन्हा दोन मिनिटांत संपायचा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

महिन्याने यज्ञेश्वरने मला फाटकात गाठलं. खडूचे हात पँटला पुसत म्हणाला, "साहेब, मी गेल्यावर बाई येतात का जी वाचायला?"

आठ वाजता मी अंघोळीत असतो. बाहेर कोण येतं, कोण जातं, मी कधी पाहिलेलं नाही.

"येतात की," मी म्हणालो. "रोज येतात."